या लेव्हलला

३ सप्टेंबर, शनिवार

आजपासून रोजनिशी. संकल्प तीन. एक, रोज लिहायचं. दोन, मॅच चालू असताना लाइनबाहेरून ओरडायचं नाही. तीन, टिल्लीच्या फुटबॉलकडे बाप म्हणून नव्हे, तज्ज्ञ म्हणून बघायचं.

म्हातारपणी वाचताना संदर्भ लागावा म्हणून नोंद: टिल्ली म्हणजे आमची कन्या, वय बारा, उंचीवरून पडलेलं नाव. शनिवार लीगमध्ये हिरव्या जर्सीच्या संघाकडून खेळते. कोच पोस्टमन आहे. म्हणजे खराच पोस्टमन, टपाल वाटतो.

आज हिरव्या ४-१ जिंकल्या. तीन गोल टिल्लीचे. तिन्ही एकाच पद्धतीचे. गोलकीपर लंबू (टिल्लीची जिवलग मैत्रीण, हेही नाव उंचीवरूनच) हातातला बॉल सोडून लांब लाथ हाणते आणि ती हाणायच्या आधीच टिल्ली पळत सुटलेली असते. दोघींना एकमेकींचं आधी कसं कळतं, विचारलं तर सांगत नाहीत. खी खी करतात.

मॅच संपता संपता दंतवैद्य भेटला. आमच्याच बिल्डिंगमधला, दुसरा मजला. कुत्र्याला फिरवत होता. त्याची मुलगी एलिट लीगमध्ये खेळते, हे तो कुत्र्यालासुद्धा सांगत असावा. मी सहज स्कोअर सांगितला. म्हणाला, छान, या लेव्हलला छानच आहे.

या लेव्हलला.

गाडीत एक शब्द बोललो नाही. टिल्लीला वाटलं माझा घसा बसलाय. तो बसलाच होता, पण त्याचं कारण वेगळं. संकल्प क्रमांक दोन पुढच्या शनिवारपासून.

४ सप्टेंबर, रविवार

दिवसभर लीगांचा अभ्यास केला. नावावरून काही म्हणता काही कळत नाही. प्रीमियर ही खालून दुसरी. चॅलेंज ही वरून दुसरी. गोल्डच्या वर सिलेक्ट, सिलेक्टच्या वर एलिट, आणि सगळ्यांच्या वर जी आहे तिचं नाव डेव्हलपमेंट, म्हणजे ज्यांची डेव्हलपमेंट आधीच झाली आहे त्यांच्यासाठी. शनिवार लीग ही एकटीच नावाप्रमाणे. शनिवारी असते.

कोणती लीग कितीने वरची, याचं मोजमाप कुणाकडेच नाही. सगळा कारभार या लेव्हलला, त्या लेव्हलला. अंदाजपंचे.

टिल्ली बिल्डिंगच्या मागच्या भिंतीवर बॉल मारत होती. धप. धप. धप. डोक्यात घण पडल्यासारखं होतं. वरून सांगितलं की बाप तुझ्याच भवितव्यावर काम करतोय. पाच मिनिटं थांबली असेल.

५ सप्टेंबर, सोमवार

आमच्या वजनमापाच्या लॅबमध्ये नवी ट्रेनी आली आहे. तिला आमच्या कामाचं मर्म समजावलं. दुकानातला वजनकाटा आपण आपल्या वजनांवरून तपासतो, आपली वजनं वरच्या लॅबच्या वजनांवरून, ती आणखी वरच्या. अशी साखळी. आणि प्रत्येक कडीला थोडी चूक वाढते, म्हणून साखळी जितकी आखूड तितकी बरी. एकदाच मोजलं तर ते मोजलेलं धरत नाहीत, हेही ठणकावून सांगितलं. मुलगी हुशार आहे, मान डोलावत होती.

जेवणाच्या सुट्टीत डब्यावर हात तसाच राहिला. साखळी! लीगसुद्धा साखळीने मोजता येतील. हिरव्यांनी निळ्यांना हरवलं. निळ्या कुणाशी खेळल्या? त्या पुढे कुणाशी? असं करत करत थेट एलिटपर्यंत जायचं. इतकी साधी गोष्ट आजवर कुणाला सुचली नाही याचं नवल वाटतं.

७ सप्टेंबर, बुधवार

साखळी पूर्ण. अकरा कड्या. हिरव्यांनी निळ्यांना तीन गोलने हरवलं, निळ्यांनी मागच्या वर्षी एका मैत्रीपूर्ण सामन्यात केशरी संघाला एकाने, केशरींनी... असं जात जात शेवटी दंतवैद्याच्या मुलीचा संघ.

निष्कर्ष: शनिवार लीगच्या हिरव्या या एलिट संघापेक्षा तीन गोलने सरस आहेत.

दोनदा तपासलं. हिला दाखवलं. ही म्हणजे सौभाग्यवती, कोर्टात स्टेनो आहे, त्यामुळे घरात कोण कधी काय बोललं हे शब्दशः सांगू शकते. संसारात हे फार अवघड जातं. ही म्हणाली, त्या केशरी मॅचला समोरच्या सातच मुली आल्या होत्या, तूच तेव्हा चिडून सांगितलं होतंस. मी म्हटलं, अपवाद. ही म्हणाली, बरं. हिचं बरं म्हणजे नोंद झाली.

१० सप्टेंबर, शनिवार

हिरव्या २-२. टिल्ली एक गोल.

ओरडलो नाही. सूचना दिल्या. रेफरी म्हणजे कॉलेजातला पोरगा, माझ्याजवळ येऊन अदबीने म्हणाला की काका, तुम्ही पार्किंगपाशी उभे राहाल का. राहिलो. तिथून मैदान जास्त सलग दिसतं.

१३ सप्टेंबर, मंगळवार

दंतवैद्याकडे दात साफ करायला गेलो. दात स्वच्छच आहेत. निष्कर्ष तोंडावर सांगायचा होता.

नियोजनात एक त्रुटी राहिली. खुर्चीत बसल्याबरोबर त्याने माझ्या तोंडात यंत्र घातलं आणि एलिट लीगबद्दल तो बोलायला लागला. तिथला वेग वेगळा, तिथली मैदानं वेगळी, तिथे आईवडिलांसाठी वेगळा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. मी ‘साखळी’ म्हणालो. त्याला ‘आअळी’ ऐकू आलं असावं. त्याने तोंड आणखी मोठं उघडायला सांगितलं.

बाहेर येईपर्यंत ओठ बधिर. सांगायचं ते राहिलंच. आता एकच मार्ग. टिल्लीला एलिटच्या ट्रायलला घालायचं.

१७ सप्टेंबर, शनिवार

हिरव्या ३-० जिंकल्या. गाडीत टिल्लीला ट्रायलची बातमी दिली. तिने विचारलं, लंबू पण येणार का. मी समजावलं की लंबूचं वजन वेगळं, तुझं वेगळं, दोन्ही एका पारड्यात घालून चालत नाही. म्हणाली, मग मला बॉल कोण देणार. मी म्हटलं, वरच्या लेव्हलला बॉल सगळेच देतात.

मग खिडकीची काच वरखाली करत बसली. विचार करत असावी. मोठी संधी आहे, दडपण येणारच.

ही म्हणाली, तिला खेळायचंय का तिकडे, हे विचारलंस का. विचारलं नाही हे खरं. पण वजनाला कोणी विचारतं का, की तुला कोणत्या काट्यावर चढायचंय? हे हिला बोलून दाखवलं. हिने वर बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं. नोंद झाली.

२४ सप्टेंबर, शनिवार

निवड झाली!!

ट्रायल घेणाऱ्या कोचचं नाव मी ट्रॅकसूट ठेवलंय. नवाकोरा, करकरीत, गळ्यात दोन शिट्ट्या. दुसरी कशाला, कळलं नाही. टिल्ली घाबरत घाबरत खेळली. तरी ट्रॅकसूट म्हणाला की दोन मुली गाव सोडून गेल्या आहेत, स्क्वॉडला आकडा हवा, घेऊ या हिला. ‘घेऊ या हिला’ हे महत्त्वाचं. बाकीचा तपशील.

पोस्टमनला फोन केला. मला वाटलं होतं तो थोडं भांडेल. सगळं ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, जर्सी परत करायची गरज नाही, तिच्याकडेच राहू दे, आणि लंबूला मी सांगतो हळूहळू. एवढंच. आपल्या लीगची लेव्हल त्याला ठाऊक असणार. तरी फोन ठेवल्यावर मला उगाचच पाणी प्यावंसं वाटलं.

१ ऑक्टोबर, शनिवार

एलिट लीग. पहिली मॅच. मैदान गालिच्यासारखं. पार्किंगला पट्टे आखलेले.

टिल्ली बेंचवर. वॉर्म-अप मात्र उत्कृष्ट केला. पाठ ताठ ठेवून बसली होती. बेंचसुद्धा फोमचा आहे.

घरी आल्यावर हिशेब मांडला. लीगमधला फरक लक्षात घेता, एलिटच्या बेंचवर एक मॅच बसणं हे शनिवार लीगमध्ये दोन गोल मारण्याच्या बरोबरीचं आहे. टिल्लीला आनंदाने सांगितलं. ती म्हणाली, मग आज मी दोन गोल मारले का. मी म्हटलं, तत्त्वतः. ती हातपाय धुवायला गेली.

८ ऑक्टोबर, शनिवार

आज खेळवलं! शेवटी शेवटी. बॉलला एकदा हात लागला, थ्रो-इन घेताना. बाकी वेळ ती पळत होती आणि बॉल दुसरीकडे होता. कुणी दिलाच नाही. एका मोठ्या मुलीने तिला खांद्याने असं बाजूला केलं की रेफरीचंही लक्ष गेलं नाही. ट्रॅकसूट तिला ‘ए, नवीन’ म्हणतो.

मोठा शोध: दंतवैद्याची मुलगीही बेंचवर असते. दोन वर्षं! कुत्र्यासकट सगळ्यांना सांगत फिरला, हे तेवढं सांगितलं नाही. मी त्याच्याकडे बघितलं. तो आकाशाकडे बघत म्हणाला, या लेव्हलला असं असतंच. मी म्हटलं, असतंच. मग दोघांनी मिळून एक कॉफी घेतली. माणूस वाटतो तेवढा वाईट नाही.

१२ ऑक्टोबर, बुधवार

संध्याकाळी घरात कमालीची शांतता. लीगांच्या तुलनेचा तक्ता करतोय, त्याचं काम झपाट्याने होतंय. काहीतरी वेगळं जाणवत होतं, बराच वेळ लक्षात येईना. भिंतीवरची धपधप बंद झाली आहे. बॉल गाडीच्या डिकीत पडलाय, ट्रायलपासून.

बरं झालं. शेजाऱ्यांची तक्रार येणारच होती.

१५ ऑक्टोबर, शनिवार

टिल्लीच्या पोटात दुखतंय. मॅचला गेलो नाही. दुपारी बरी झाली, चार बिस्किटं खाल्ली.

ही म्हणाली, मागच्या शनिवारीही सकाळीच दुखत होतं, पोटाला वार कळतो. मी म्हटलं, दडपण आहे, होईल सवय. मग हिने एकदम विचारलं, की तुला शेवटचं कधी वाटलं की मजा येतेय तिला? मी तक्ता काढायला उठलो. त्यात तो रकाना नाही.

१९ ऑक्टोबर, बुधवार

लॅबमध्ये ट्रेनीची तोंडी परीक्षा घेतली. तिने विचारलं, सर, साखळीत अकरा कड्या असल्या आणि प्रत्येक ठिकाणी एकदाच मोजलेलं असलं, तर त्या उत्तराचं काय करायचं. मी म्हटलं, केराच्या टोपलीत टाकायचं.

म्हणालो आणि माझ्या अकरा कड्या आठवल्या. अकराच का विचारलं? तिला काही माहीत असण्याचं कारण नाही. पुस्तकातलाच आकडा असेल.

खुर्चीत बसून गणित केलं. एकच संघ या आठवड्यात ४-१ जिंकतो आणि पुढच्यात २-२ करतो, तेवढी चूक प्रत्येक कडीला धरली. उत्तर असं: हिरव्या एलिटपेक्षा तीन गोलने सरस, अधिक-उणे चौदा.

अधिक-उणे चौदा. असा काटा एखाद्या वाण्याच्या दुकानात सापडला असता तर मी त्याला टाळं लावून आलो असतो.

२० ऑक्टोबर, गुरुवार

खचून जायचं नाही. साखळी लांब झाली, हीच काय ती अडचण. मग कड्याच काढून टाकायच्या. सरळ समोरासमोर मोजायचं! एलिट विरुद्ध हिरव्या. योगायोगाने ट्रॅकसूटचा या शनिवारचा विरोधी संघ येत नाहीये. मी मध्यस्थी केली. पोस्टमन लगेच हो म्हणाला. फक्त म्हणाला, टिल्ली गेल्यापासून आमच्याकडे दहाच आहेत, बघू.

टिल्लीला सांगितलं. तिने विचारलं, लंबू गोलमध्ये असेल ना. पोटात दुखतंय का विचारलं. नाही म्हणाली.

२२ ऑक्टोबर, शनिवार

सगळं नीट लिहून ठेवतो.

हिरव्या दहाच आल्या. पोस्टमनने ट्रॅकसूटला विचारलं की आजच्यापुरती एक मुलगी उसनी द्याल का. ट्रॅकसूटने बेंचकडे नजर टाकली, ज्याची त्याला सगळ्यात कमी गरज होती ते उचलून दिलं. ए नवीन, तू जा.

टिल्लीने बॅगेच्या तळातून हिरवी जर्सी काढली. घडी घातलेली. म्हणजे प्रत्येक शनिवारी ती बरोबर नेत होती. मी दर वेळी बॅग उचलून गाडीत ठेवत होतो, मला पत्ता नाही.

निकाल: एलिट ५, हिरव्या १.

फरक चार गोलांचा. उलट्या बाजूने. एलिटच्या मुली खरोखरच चांगल्या आहेत, हे कबूल करायला हवं. पास असे की बघत राहावं. दंतवैद्य बरोबर होता. हे लिहिताना पेन जड झालं.

पण तो एक गोल. ४-० झालेलं. लंबूने बॉल पकडला, आणि तिने लाथ हाणायच्या आधीच टिल्ली पळत सुटली. एलिटच्या मागच्या मुली बघत राहिल्या. गोल झाल्यावर लंबू स्वतःचा गोल उघडा टाकून अख्खं मैदान पळत आली आणि दोघी चिखलात लोळल्या. ४-१ ने मागे असताना. मी ओरडलो नाही. संकल्प आठवला म्हणून नव्हे, ओरडायचंच विसरलो. डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायला पार्किंगला गेलो.

गाडीत टिल्ली बोलतच होती. मध्येच म्हणाली की आता मी एलिटला जाणार नाही. मी म्हटलं, आपण शांतपणे चर्चा करू. ती म्हणाली, झाली चर्चा. आईशी झाली, पोस्टमनकाकांशी झाली, तुझीच राहिली होती, ती आता झाली.

२३ ऑक्टोबर, रविवार

बॉल डिकीतून बाहेर. सकाळपासून धप, धप. तक्ता फाडला. म्हणजे त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला हिने किराणा लिहिला, मग फाडला.

जिन्यात दंतवैद्य भेटला. म्हणाला की मुलीला आता थोडं हिरव्यांकडे खेळवावं म्हणतो, नुसतं फिटनेससाठी. मी म्हटलं, या लेव्हलला फिटनेस चांगला होतो. दोघंही गंभीर होतो.

२९ ऑक्टोबर, शनिवार

सन्मान! पोस्टमनने मला लाइनमनचा झेंडा दिला. अधिकृत पद. म्हणाला, दोन नियम आहेत. ज्याच्या हातात झेंडा त्याने तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. आणि बॉल लाइनबाहेर गेला की झेंडा वर करायचा, बाकी काही करायचं नाही. इतक्या पालकांतून माझीच निवड का केली असेल, याचा विचार करत होतो. नजर. दुसरं काय.

मॅच केशरी संघाशी. ०-० चालू होतं. शेवटची काही मिनिटं. लंबूची लाथ, टिल्लीची धाव, गोल. सगळे उड्या मारतायत.

आणि मी झेंडा वर केला. ऑफसाइड. म्हणजे लाथ बसली तेव्हाच टिल्ली समोरच्यांच्या शेवटच्या मुलीच्याही पुढे होती.

मला स्पष्ट दिसलं होतं. बाप म्हणून नव्हे, तज्ज्ञ म्हणून. रेफरी तोच कॉलेजातला पोरगा, तो माझ्याकडे बघतच राहिला. काका, नक्की? मी मान डोलावली, बोलायची बंदी होती. त्याने गोल रद्द केला. मॅच ०-० सुटली. पोस्टमनने माझ्या हातातून झेंडा काढून घेतला, हळूच, लहान मुलाच्या हातातून कात्री काढतात तसा.

घरी येईपर्यंत टिल्ली बुटांचा चिखल काढत होती.

संध्याकाळी दंतवैद्याने फोटो पाठवला. त्याच क्षणाचा. टिल्ली ऑफसाइड नव्हती. हातभर मागे होती. चांगली हातभर. फोटो मोठा करून बघितला, मग आणखी मोठा करून. हिला दाखवला. ही म्हणाली, एकदाच मोजलं तर ते मोजलेलं धरत नाहीत, असं तूच सांगत असतोस. हे हिला मी कधी सांगितलं, आठवत नाही. हिला आठवत असणार.

टिल्लीकडे गेलो. फोटो पुढे केला. म्हटलं, गोल होता तुझा. चुकलं माझं. ती म्हणाली, माहीत होतं मला. मी म्हटलं, मग तेव्हा बोलली का नाहीस. तर म्हणाली, तू किती खूश दिसत होतास झेंडा धरून.

आत येऊन बसलो, हे लिहायला घेतलं.

खालून धपधप सुरू झाली आहे. आता थांबली. हाक येतेय. बाबा, खाली ये, भिंतीवर मारून कंटाळा आला, तू उभा राहा.

ट्रायल न घेता निवड झाली. भिंतीच्या जागी. बूट शोधतो.